फोनवरचा मुझम्मिल

ज्या माणसाशी माझा निकाह झालेला होता, तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा केळ्यांची एक मोठी फणी छातीशी धरून बसच्या दारात उभा होता.

शारजातला रोल्ला चौक. फेब्रुवारीतला शुक्रवार, दोन हजार साल. दुकानांची शटरं अजून खाली होती, कबुतरं रस्त्याच्या मधोमध बिनधास्त फिरत होती, आणि हवेत असा गारवा होता की ओढणी आपोआप खांद्यावरून गळ्याशी यावी. मी खिडकीपाशी बसले होते. शेजारी हलिमामामी. तो पायरी चढला, मान वर केली, आणि... खंड्या पाण्यावर सूर मारून निघून जातो ना, तेवढाच वेळ त्याची नजर माझ्यावर आली.

मी त्याला ओळखलं कानांवरून. फोटोतही ते असेच होते, कुणाचं तरी बोलणं ऐकायला पुढे आल्यासारखे.

"सलाम आलेकुम, मामी," तो केळ्यांकडे बघत म्हणाला. मग काय झालं कुणास ठाऊक, ती फणी त्याने माझ्या मांडीवर ठेवली आणि तो तडक मागच्या सीटवर जाऊन बसला.

मी केळी धरून बसले. मामीने आधी केळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बसच्या टोकाला. "हा कसा काय आला?" तिने हारुनभाईंना विचारलं. सहल हारुनभाईंनी ठरवली होती; ते मुझम्मिलच्याच खोलीत राहत. त्यांनी दोन्ही हात कानाला लावले. म्हणाले, एका माणसाला ड्यूटी लागली, सीट रिकामी राहिली, म्हणून याला उठवून आणला. तुम्ही आहात हे त्याला ठाऊकच नव्हतं. बोलताना मात्र हारुनभाईंच्या मिशा हसत होत्या.

मामीचा नियम असा होता, की रुखसत होईपर्यंत नवरा-नवरीने एकमेकांसमोर यायचं नाही. आमचा निकाह फोनवर झालेला. त्याला कंपनी रजा देईना, आणि निकाहनामा हातात आल्याशिवाय माझा व्हिसा निघेना. म्हणून आमच्या खाडीकाठच्या घरात काझी, साक्षीदार आणि मधोमध फोन, असा तो सोहळा झाला होता. पुढे व्हिसा आला, मी शारजाला आले ती इद्रीसमामूंच्या घरी. सासरी जायचं, म्हणजे रुखसत, ती पुढच्या शुक्रवारी. हॉल बोलून ठेवला होता. आज संध्याकाळी घरी पोचलो की मामू गावी फोन करून तारीख पक्की सांगणार होते.

निघताना अब्बांनी मला एकटीला खळ्यात नेलं होतं. म्हणाले, "नबिला, रुखसत होईपर्यंत तुझ्या हातात आहे. नाही पटलं तर मामूला सांग. मी इथे लोकांचं बघून घेईन." तेव्हा मला हसू आलं होतं. न पटायला काय झालं? पाच महिने दर शुक्रवारी, जुम्म्यानंतर, त्याचा फोन येई आणि माझा आठवडा तिथून सुरू होई.

काय बोलायचा तो फोनवर! तो इमारतींना अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचा. म्हणायचा, इतक्या उंचावरून वाळवंट झोपलेलं दिसतं, आणि दुपारी वारा सुटला की वाळू कूस बदलते. म्हणायचा, इथले डोंगर बघशील तर वाटेल, अल्लाची इस्त्री करायची राहूनच गेली. मी रात्री डोळे मिटून ती वाळू कूस बदलताना बघायची... आणि मीही बदलायची.

आणि आता तोच माणूस मागे बसला होता. मुका.

बस सुटली. बायका पुढे, पुरुष मागे, मधल्या दोन रांगांत मुलं. शहर संपलं आणि दोन्ही अंगांना लाल वाळू लागली. बायकांनी लग्नाची गाणी धरली. नवरा बसमध्येच आहे म्हटल्यावर त्याला कोण सोडतंय? मामी नियम विसरली आणि टाळी धरून स्वतःच रचत गेली—

*माडामागे माड, माडाला नारळ एक,*
*नवऱ्याच्या तोंडाला कुलूप, किल्ली शोधतेय लेक.*

सगळी बस मागे वळली. आता रीत अशी, की नवऱ्याने किंवा त्याच्या बाजूच्याने उलट टोमणा हाणायचा. मुझम्मिल खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे कान तेवढे लाल झाले. मामीची जुलेखा सीटवर उभी राहून म्हणाली, "मॉम, ही इज सो शाय." मामीने तिला खाली बसवलं आणि माझ्या कानात पुटपुटली, "साधा आहे गो पोरगा." साधा या शब्दात तिने काय काय लपवलं, ते मला कळलं.

तेवढ्यात हारुनभाई ड्रायव्हरजवळचा माइक घेऊन उभे राहिले. धैद जवळ आलं होतं. खजुरांच्या बागा, बकऱ्या, पाण्याचे पाट. ते म्हणाले, बायांनो, उजवीकडे बघा. वारा सुटलाय. वाळूनं कूस बदलली बघा.

माझ्या मांडीवरचं एक केळं माझ्या मुठीत चेपलं गेलं.

नाही, असेल योगायोग... असं म्हणत मी बाहेर बघत राहिले. पुढे वाळू संपून डोंगर सुरू झाले. उघडे, तांबूस, चुरगाळलेले. आणि माइकवरून हारुनभाई म्हणाले, "या डोंगरांना अल्लाची इस्त्री करायची राहून गेलेली आहे."

बायका हसल्या. मी हसले नाही. फोनवरचा आवाज आठवून बघितला, पण माइकमध्ये सगळेच आवाज फाटतात, आणि सकाळच्या त्या पुटपुटलेल्या सलामावरून काही कळेना. हारुनभाई बोलके, हसरे, शब्दाला शब्द जोडणारे. आणि मागे तो... एका 'सलाम'साठी केळ्यांचा आधार लागलेला. मग मी पाच महिने बोलत होते कुणाशी? खोलीतला एक मित्र लाजतो, दुसरा त्याच्यासाठी बोलतो, असं ऐकलंय आपण. पण मग माझं मन बसलं होतं ते कुणावर? जीव हा असा गोल फिरायला लागला, घाटातल्या रस्त्यासारखा.

मसाफीच्या बाजारात बस थांबली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गालिचे टांगलेले, माठ, रोपं, फळांच्या पाट्या. मला डोकं शांत करायचं होतं, आणि माझं डोकं शांत होतं ते भांडण करून. एका पठाणाकडे मी नमाजाची चटई धरली. तो पन्नास दिरहम म्हणाला. मी मामीला मोठ्याने म्हटलं की म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये, एवढ्यात आमच्या गावात मशिदीची ओसरी अंथरून होईल. मग त्याच्याशी हिंदीत जी सुरू झाले... त्याची चटई, तिचा रंग, त्याचा गाव, त्याची सचोटी, काही सोडलं नाही. शेवटी त्याने हात जोडले, "ले जाओ बहन, खलास," आणि मी विजयाने मागे वळले, तर समोर मुझम्मिल.

त्याचं तोंड उघडं होतं. माझ्याकडे तो असा बघत होता, जसं बंदरावर कुणाला उतरवून घ्यायला जावं आणि होडीतून भलतंच कुणीतरी उतरावं.

मला राग आला. ज्याच्यापाशी मला सांगायला शब्द नव्हता, त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल नाराजी?

जुम्म्याची नमाज फुजैराला. पुरुष मशिदीत गेले, बायकांनी बाजूच्या बागेत डबे सोडले. मग सगळे जुन्या किल्ल्यावर गेले. एका खडकावर तो मातीचा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याशी पडकी घरं. भिंती अर्ध्या, दारं आहेत पण घर नाही, चुलीच्या जागी काळा डाग तेवढा उरलेला. मी एका दारातून आत गेले, तर आतही आभाळच. माझंही असंच झालं होतं. उंबरठा ओलांडून बसले होते, आणि आत कोण राहतं ते ठाऊक नव्हतं.

तो तिथे आला. हातात पाण्याची बाटली. पुढे केली.

मी घेतली. म्हटलं बोलू या, आपणच सुरुवात करू या. मी विचारलं, किल्ला किती जुना असेल? त्याने खांदे उडवले. खिडक्या बसवायला आवडतील का तुम्हाला इथे? त्याने किल्ल्याकडे पाहिलं, फार विचार केला, आणि म्हणाला, "हं."

तेवढंच. आणि निघून गेला.

मी तिथल्या पडक्या भिंतीला टेकून ठरवून टाकलं. संध्याकाळी मामूंना सांगायचं, अब्बांना म्हणावं, तुमच्या लेकीला नाही पटलं. पुढे लोक काय म्हणतील, अम्मी कशी रडेल, तेही दिसलं. पण 'हं'शी आयुष्य कसं काढायचं? ठरवलं, आणि ठरवल्यावर बरं वाटायला हवं होतं... तसं काही वाटेना. हातातल्या बाटलीचं बूच मी सारखं उघडत-लावत राहिले.

खोरफक्कानचा समुद्र बाजूने पळत राहिला. मग बिदिया.

बिदियाची मशीद म्हणे इथली सगळ्यात जुनी. एवढीशी. मातीने लिंपलेली, डोक्यावर चार बुटके घुमट, मागे टेकडीवर पडके बुरूज. मामीचे पाय दुखत होते, ती बाहेर कट्ट्यावर बसली. बाकीचे बुरुजांकडे चढले. मी चपला काढून, ओढणी सारखी करून आत गेले.

आत गार अंधार. भिंतींत छोटी भोकं, त्यांतून उन्हाच्या काड्या आत आलेल्या. आणि मधोमध एक खांब. चौकोनी, दोघांनी मिठी मारली तरी हात न मिळावेत एवढा रुंद. त्या एकट्याच्या जिवावर ते चारही घुमट. मी खांबाला पाठ टेकून खाली बसले. तेवढ्यात खांबाच्या पलीकडून कुणीतरी श्वास सोडला. वाकून बघितलं तर पांढऱ्या मोज्यातला एक अंगठा दिसला, भोकातून बाहेर आलेला.

उठून जायला हवं होतं. गेले नाही. का ते मला आजही सांगता येत नाही. हळूच म्हटलं, "हॅलो?"

तो अंगठा चटकन मोज्यात आत गेला. मग...

"हॅलो. बोल, नबिला."

तोच. तोच आवाज, कडेला जरासा खरखरीत, नावातल्या 'बि'वर किंचित रेंगाळणारा. माझ्या अंगावरून शुक्रवारच्या दुपारी सरसरत गेल्या.

"खरं सांगाल?" मी विचारलं. "फोनवर कोण बोलायचं माझ्याशी? तुम्ही... की हारुनभाई?"

तो हसला. ते हसू, शेवट गिळून टाकणारं, मी कुठेही ओळखलं असतं.

"हारुन? अगं, त्याचा मी आठवडाभर जीव खायचो. तुला सांगायची प्रत्येक गोष्ट आधी त्याला सांगून बघायची. तो हसला तर शुक्रवारी तुला. नाही हसला तर टाकून द्यायची. आता त्याला सगळं पाठ झालंय. सकाळी माइकवर सुरू झाला, तेव्हा मला बसच्या खिडकीतून उडी मारावीशी वाटली."

"आणि ज्या टाकून दिल्या?"

"त्या पुष्कळ आहेत. त्याला चंद्रावरचं काही आवडत नाही."

मला हसू फुटलं, ते मी ओढणीत दाबलं. पण मी काही इतक्यात सोडणार नव्हते. विचारलं, मग सकाळपासून तोंडाला काय झालं होतं? त्या मामीच्या गाण्याला उत्तर नाही, किल्ल्यावर धड बोलणं नाही.

तो म्हणाला, फोनवर तो डोळे मिटून बोलायचा. बूथच्या काचेला कपाळ टेकून, एका हाताने दुसरा कान झाकून. "आज डोळे मिटता येईनात," तो हळूच म्हणाला. "तू समोर होतीस."

उन्हाची एक काडी माझ्या पावलावर सरकली होती. मी पाय मागे घेतला, परत पुढे केला.

"आणि आणखी एक," तो म्हणाला. "रागावणार नाहीस?"

"ते ऐकून ठरवीन."

"तू फोनवर बोलायचीच नाहीस. हं... हो... बरं... बस्स. मला वाटायचं, किती शांत मुलगी आहे. हिच्या वाटचंही मलाच बोलायला लागणार. म्हणून तर एवढं जमवायचो. आणि आज मसाफीला बघतो तर तू त्या पठाणाला घाम फोडलेला."

मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी त्याला सांगितलं, आमचा फोन माजघरात आहे. त्याचा फोन आला की अम्मी तांदूळ निवडायला तिथेच बसायची, चुलत्या यायच्या, शेजारच्या खाला यायच्या, आणि अब्बा पेपर वाचायचे, तो कधी कधी उलटाही असायचा. एवढ्या माणसांत मी 'हं' सोडून काय बोलणार होते? बोलायचं सगळं मी फोन ठेवल्यावर विहिरीवर बोलायची. कळशीशी.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मी एका गप्प मुलीशी निकाह केला..."

"आणि मी एका बोलक्या माणसाशी."

"आणि दोघंही आलेच नाहीत सहलीला."

दोघंही हसलो. मग हसू ओसरलं. वरच्या घुमटात एक चिमणी भिरभिरली, तिला बाहेरची वाट सापडेना.

तोच म्हणाला, आता अगदी हलक्या आवाजात. "किल्ल्यावर तुझा चेहरा बघितला मी. आज मामूंचा फोन जाणार आहे, मला ठाऊक आहे. तुला जे सांगायचं ते सांग, नबिला. मी कुणाला एक शब्द बोलणार नाही. हारुनलासुद्धा नाही."

किती साधं बोलला. हारुनभाईंवर करून न बघितलेलं ते पहिलंच वाक्य असणार.

"तुम्हाला कोण पाहिजे ते आधी सांगा," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला तेवढा खट्याळ निघाला नाही. "ती हं करणारी, की ही?"

"इकडे ये, सांगतो."

"मी नाही येणार. तुम्ही या."

कपड्यांची सळसळ. पावलं. तो खांबाला वळसा घालून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मीही उठले. आणि झालं, परत कुलूप. ओठ उघडले, मिटले. कान पेटलेले. पण या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही. खिडकी बसवायच्या आधी माणूस मोकळ्या चौकटीतून पलीकडचं बघून घेतो, तसा तो बघत होता, सावकाश, सगळं. मी कुठे बघू ते मला कळेना. त्याच्या सदऱ्याच्या गुंडीकडे बघितलं. ती चुकीच्या काजात होती.

"बोला की," मी गुंडीला म्हटलं.

"तूच बोल," तो म्हणाला. "पाच महिने मी बोललो. आता मला ऐकायचंय."

मी बोलणार होते. पुष्कळ होतं, कळशीला सांगितलेलं सगळं होतं. पण ज्या दिवशी पहिल्यांदा कुणी ऐकायला उभं राहिलं, त्या दिवशी माझंच तोंड बंद. आम्ही दोघं तसेच उभे... आणि दारातून मामीची हाक आली, नबिला, अगो आहेस कुठे, ऊन उतरलं. मग दारात ती स्वतः. तिने आम्हाला पाहिलं. कमरेवर हात गेला. मग तिला आपला नियम आठवला असावा, आणि आणखीही काही, खूप जुनं आठवलं असावं, कारण ती पाठ फिरवून म्हणाली, "मी चप्पल शोधते माझी. सापडायला जरा वेळ लागेल."

चप्पल तिच्या पायात होती.

परतीच्या वाटेवर बस गप्प झाली. मुलं झोपली. डोंगर निळे पडत गेले, पुढे वाळूही विझली. मुझम्मिल मागे, मी पुढे. मला अजून काही कळलं नव्हतं. फोनवरचा आवडला होता, तो खरा होता की खांबामागचा, की समोर येऊन मुका होणारा? तिघंही एकाच सदऱ्यात असतील, तर तिघांनाही एकदमच घरी आणावं लागणार होतं. आणि तिकडे त्यालाही एक हं करणारी आणि एक भांडणारी, अशा दोघी सांभाळायच्या होत्या. एवढ्या माणसांना खोली पुरेल का, याचा मी विचार करत होते.

धैदचे दिवे मागे पडले तेव्हा मामीने माझा हात हातात घेतला. विचारलं, मामू घरी वाट बघत असतील, फोन लावायचा ना? म्हणाली, जे असेल ते मला सांग, मी मामूंना सांगेन, तुला कुणी एक शब्द विचारणार नाही.

मी खिडकीच्या काचेत बघितलं. काचेत मामी होती, मी होते, आणि अंधार पळत होता.

"मामी," मी म्हटलं, "शुक्रवारचं कशाला? हॉल गुरुवारी रिकामा नसतो का हो?"

मामीने तोंडाला पदर लावला, खांदे हलले. आणि सीटवरून अर्धी उठून तिने झोपलेल्या बसमधून मागे हाक दिली, "अरे मुझम्मिल, रुखसत गुरुवारी केली तर चालेल का रे? सुट्टी मिळेल?"

मागून काही नाही. इंजिनाची घरघर तेवढी. कुणीतरी जागं झालं, कुणीतरी हसलं.

मग हारुनभाईंचा आवाज आला. "मामी, तो मान हलवतोय. पण आडवी का उभी, ते अंधारात कळत नाही."

मी उठून वळले. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड बसमध्ये शिरला, टोकापर्यंत गेला, आणि मला दिसलं. उभी हलत होती. न थांबता हलत होती.